टाळ्यांचा घेरा

“उद्या समितीसमोर तू एवढंच म्हणायचंस… मी घाबरले, माझ्याकडून घाई झाली. बस्स!”

बाबांनी पाण्याचा पेला टेबलावर इतक्या जोरानं आदळला की पाणी उसळून ताईच्या मनगटावर पडलं. तिनं ते पुसलं नाही. थेंब ओघळत कोपरापर्यंत गेले, तिथून खाली टपकले, तरी तिचा हात ताटाशेजारी होता तसाच राहिला.

“मी घाबरले नव्हते, बाबा.”

“पुन्हा तेच!”

“पुन्हा तेच. कारण घडलंही तेच.”

आईनं वाढायचा चमचा हवेतच थांबवला आणि नवऱ्याच्या तोंडाकडून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. दोघांच्या हनुवट्या अगदी एकसारख्या पुढे आलेल्या! एरवी ती खुदकन हसली असती; आज तिला हसू आलं नाही.

“आई, तिला सांग, मीठ इकडे सरकव म्हणावं,” धाकटा म्हणाला.

मीठ ताईच्या पुढ्यात होतं. जरा हात लांबवला असता तर त्यालाही पोचलं असतं. पण उन्हाळा सरून पावसाळाही संपला तरी या घरात भावाचं बहिणीशी बोलणं हे असं आईच्या मार्फतच चाललं होतं. ताईनं मीठ सरकवलं. ज्या भावाला तिनं मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याच भावाच्या लेखी ती त्याच्या भविष्याची माती करणारी वैरीण होती, आणि हे दुःख ती रोजच्या घासाबरोबर मुकाट्यानं गिळत होती. का गिळत होती, ते त्या टेबलाभोवती आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं… आणि तो माणूस या क्षणी मान खाली घालून ताटातलं अन्न नुसतं इकडचं तिकडे करत होता.

बाबा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. ताई त्याच संघाची फिजिओ. पोरांचे मुरगळलेले पाय, ताणलेले स्नायू, सुजलेले गुडघे तिच्या हाताखालून जायचे. आणि धाकटा त्या संघातला सर्वांत चपळ गडी. चेंडू पायाशी आला की असा गरगर फिरून निसटायचा की साऱ्या विद्यापीठानं त्याचं नाव ‘भिंगरी’ पाडलं होतं. घराचा एक नियम फार जुना होता. विद्यापीठाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की बाबा हे बाबा नाहीत, सर! मैदानावर नातं नाही, लाड नाहीत. लहानपणी ताई एकदा चुकून “बाबा, माझी लेस सुटली” म्हणाली होती, तर त्यांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं होतं. “सर, माझी लेस सुटली” म्हटल्यावर मग वाकून बांधून दिली होती.

जेवणं उरकल्यावर ताई भांडी विसळायला गेली, तशी आई मागोमाग आली. तिच्या हातात बाबांचा कोट होता. उद्यासाठी ती त्याची उसवलेली बाही शिवत होती. शिवणकामावरच तिनं अर्धा संसार रेटला होता.

“एक शब्द गिळ ना, पोरी,” दोरा दातानं तोडत ती हलकेच म्हणाली. “मैदानाशेजारी नवं प्रेक्षागृह उभं राहतंय, त्यावर त्यांचं नाव लागणार आहे. साऱ्या जन्माचं चीज होतंय. तुला काय, थोडी समज देतील आणि सोडतील. कुलसचिवबाईंनी तसा निरोपच दिलाय.”

“आई, उन्हाळ्यापासून गिळतेच आहे मी.”

“मग आणखी एक.”

ताईनं नळ बंद केला. “मी घाबरले असं म्हटलं की मग काहीच घडलं नाही असं होतं. पोरगा आजारी नव्हता, ऊन नव्हतं, कुणाची चूक नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात तसंच दुसरं पोर पडेल, आई. त्याच्याही भोवती टाळ्या वाजतील. आणि त्या पोराला तिथं ताई नसेल!”

दारात सावली पडली. धाकटा हातात रिकामं ताट घेऊन उभा होता.

“तुला ना, नेहमी फक्त खरं ठरायचं असतं!” तो फणकारला. “मी उठत होतो. सगळे सांगतात, बाबा सांगतात, मी उठत होतो! तू मला सगळ्यांदेखत तान्ह्या पोरासारखं टबात घातलंस. चार दिवस मला इस्पितळात लोळवलं आणि निवड चाचणी गेली. माझी! तुझी नाही!”

खरं उत्तर ताईच्या जिभेवर आलं… अगदी ओठांपर्यंत आलं! तिनं ते परत आत ढकललं.

“चला, माझ्याशी थेट बोललास तरी,” ती म्हणाली. “आईच्या घशाला जरा आराम.”

तो ताट आपटून निघून गेला. तिनं ते उचललं, विसळलं आणि उपडं घातलं. तिचे डोळे कोरडेच होते.

उन्हाळ्यातल्या त्या दिवशी भर दुपारी सराव ठेवला होता. नव्या प्रेक्षागृहाला देणग्या देणारी बडी मंडळी मैदान पाहायला येणार होती, आणि त्यांना सोयीची वेळ तीच होती. बाबांनी कुलसचिवबाईंना विचारलं होतं, “सकाळी लवकर ठेवला तर?” “पाहुणे सकाळी येत नाहीत, सर,” उत्तर मिळालं होतं. बाबांनी मान डोलावली होती. ताई तेव्हा त्यांच्या शेजारीच उभी होती. दर हंगामाला ती एक मोठा टब, बर्फ आणि ताप मोजायचं चांगलं यंत्र मागत असे. दर हंगामाला “बघू” असं उत्तर येत असे. पाहुण्यांच्या मंडपात मात्र त्या दिवशी भला थोरला टब आला होता, बर्फानं काठोकाठ भरलेला आणि त्यात सरबताच्या बाटल्या रोवलेल्या.

बाबांच्या सरावाला शेवटचा टप्पा असायचा तो कोरडा. त्यात पाणी प्यायचं नाही! त्यांचे गुरू तसंच करत, त्यांच्या गुरूंचेही गुरू तसंच करत. तहानेला नमवलं की प्रतिस्पर्धी काय चीज आहे, असं ते म्हणायचे. ताईनं यावरून त्यांच्याशी किती वेळा वाद घातला होता! नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, “उन्हात पळताना माणूस आतून शिजायला लागतो. शिजतं भांडं उचलून गावभर नेलं तर ते वाटेत करपणारच, खरं की नाही? म्हणून पहिल्यांदा विस्तव काढायचा. पडलेल्या गड्याला जागेवरच बर्फात बुडवायचं, आणि अंग निवलं की मगच दवाखान्यात न्यायचं. काय लक्षात ठेवाल? आधी गार, मग गाडी!” पोरं त्याची चेष्टा करायची. ताई मैदानावर दिसली की कोणीतरी हमखास ओरडायचं, “आधी गार, मग गाडी!” आणि तीही हसायची. चेष्टेत का होईना, पाठ तर होतंय, असं तिला वाटायचं.

आणि संघाची आणखी एक रीत होती. गडी पडला की बाकीच्यांनी त्याच्याभोवती घेरा करायचा आणि तो उठेपर्यंत तालात टाळ्या वाजवायच्या. ही रीत बाबांनीच आणली होती, आणि ती आणली होती घरातून! धाकटा चालायला शिकत होता तेव्हा तो धपकन पडला की आई, बाबा आणि ताई त्याच्याभोवती बसून टाळ्या वाजवायचे, “ऊठ रे, ऊठ!” आणि तो खिदळत उठायचा. त्या टाळ्यांत केवढं प्रेम होतं! तेच प्रेम बाबांनी मैदानावर नेलं… आणि उन्हात वाळता वाळता त्याचं कधी काय झालं, ते कुणालाच कळलं नाही.

त्या दुपारी कोरड्या टप्प्यात भिंगरी पडला.

घेरा झाला. टाळ्या सुरू झाल्या. ताई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एका पोराचा पाय बांधत होती. तिनं मान वर केली तेव्हा भाऊ गुडघ्यांवर उठत होता, टाळ्यांनी जोर धरला होता आणि मंडपातले पाहुणेही कौतुकानं टाळ्या वाजवत होते. तो उठला, हे खरंच होतं! पण त्याचे पाय एकीकडे आणि धड भलतीकडे जात होतं. त्यानं गोलखांबाला हात लावून “दार उघड” म्हटलं. पोरं हसली, त्यांना वाटलं भिंगरी नाटक करतोय. तो पुन्हा कोसळला. ताई धावत निघाली. घेऱ्यात शिरता शिरता तिनं ते ऐकलं.

धाकट्यानं वर पाहिलं, टाळ्या वाजवणाऱ्या बापाकडे… आणि लहानपणच्या आवाजात हाक मारली, “बाबा…”

आणि बाबा म्हणाले, “सर म्हण!”

पोरं आणखी हसली. टाळ्या आणखी वाढल्या.

पुढचं सारं ताईला तुकड्यातुकड्यांनी आठवे. भावाच्या कपाळाला लागलेला आपला हात, आणि तव्याला लागल्यासारखा मागे आलेला. “थांबवा! थांबवा ते!” ही आपलीच किंकाळी. पाहुण्यांची थंडगार गाडी पुढे आणणारा सुरक्षा अधिकारी, “बाई, गाडीत घाला, इस्पितळ जवळ आहे!” आणि त्याच्या वाटेत आपलं हात पसरून उभं राहणं, “आधी गार!” तेव्हा कोणीच हसलं नाही. गोलरक्षकानं पाय धरले, तिनं खांदे धरले. मंडपातल्या बाटल्या तिनं गवतावर उलथल्या, आणि देणगीदारांच्या डोळ्यांदेखत, सरबतासाठी आणलेल्या त्या बर्फात तिनं आपल्या भावाला गळ्यापर्यंत बुडवलं. त्याचं डोकं मांडीवरच्या बाळासारखं दोन्ही हातांत धरून ती बसली. त्याचे दात वाजायला लागले, तो हुडहुडला, त्यानं डोळे उघडून तिला ओळखलं, तेव्हाच ती म्हणाली, “आता गाडी.”

आणि इथंच दैवानं तिची थट्टा केली! इस्पितळात पोचला तेव्हा धाकट्याचा ताप जवळजवळ उतरला होता. तिनंच उतरवला होता. तपासण्यांत जे दिसलं त्यावर, “अति श्रमानंही असं होतं,” असं विद्यापीठानं ठरवून टाकलं. तो वाचला, हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. फिजिओ घाबरली, इस्पितळात न्यायला उशीर केला, पाहुण्यांसमोर विद्यापीठाची शोभा झाली! संघातल्या पोरांना आपापल्या जागा टिकवायच्या होत्या. पोरंही ‘तो उठत होता’ एवढंच सांगू लागली. धाकट्याला काहीच आठवत नव्हतं. त्यानं बाबांना विचारलं, “मी कसा होतो?” बाबांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं, “तू उठत होतास.”

ताई तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. एक वाक्य पुरलं असतं. पण ज्या बापाला पोरगं देव मानतं, त्यानं आपल्या मरणाच्या वाटेवर टाळ्या वाजवल्या, आपली हाक ओठांवरच परतवली, हे कळून पोरानं कसं जगायचं? तिनं ते वाक्य गिळलं, आणि वैर पत्करलं.

समितीची खोली इतकी गार होती की कुलसचिवबाईंनी अंगाभोवती शाल लपेटली होती. लांबलचक चकचकीत टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची बाटली होती आणि बाटल्यांवर दव जमलं होतं. ताईला ते पाहून हसूच आलं. समितीत एक वयस्क डॉक्टरही होते, चष्मा कपाळावर चढवून स्वस्थ बसलेले. समोरच्या खुर्च्यांवर बाबा, आई आणि धाकटा.

“बसा ना,” कुलसचिवबाई गोड आवाजात म्हणाल्या. “फार ताणायचं नाही आपल्याला. घरचाच मामला आहे. तुम्ही त्या दिवशी गोंधळून गेलात, बरोबर? स्वतःचा भाऊ म्हटल्यावर कोणीही गोंधळेल.”

“नाही, मॅडम.”

“म्हणजे?”

“गोंधळले नाही. घाबरले नाही. घाई केली नाही, खरं तर मला पोचायलाच उशीर झाला. उद्या तसंच झालं तर मी तेच करीन. तुमच्या मंडपात बर्फ असला तर तुमच्या मंडपातला घेईन!”

आईनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

“आवाज खाली ठेवा.”

“ठेवते. पण सांगायचं ते सांगते.” ताई उभी राहिली. आता तिचा आवाज खरोखरच खाली आला होता, नव्या पोरांना समजावताना यायचा तसा. “कोरडा सराव चूक आहे. तो माझ्या वडिलांचा, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगते. टाळ्यांची रीत चूक आहे. ती आमच्या घरातली, लहानपणी मीही वाजवल्यात. आमचं जे आहे ते आमच्या पदरात घाला. पण भर दुपारची वेळ कुणी दिली? टब मागितला तेव्हा ‘बघू’ कुणी म्हटलं? ही पोरं तुमचा झेंडा छातीवर लावून पळतात. जिंकली की विद्यापीठाची, आणि पडली की ज्याच्या त्याच्या आईबापाची?”

“मुळात तो आजारी होता हेच सिद्ध झालेलं नाही!” कुलसचिवबाईंचा गोडवा आटला. “स्वतः सरांनी सांगितलंय, मुलगा उठत होता.”

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “मला एकच सांगा,” ते ताईला म्हणाले. “उन्हानं दमलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांत मोठा फरक डोक्याचा असतो. दमलेल्याला आपण कुठं आहोत ते कळत असतं. हा भानावर नव्हता, हे तुम्ही कशावरून म्हणता?”

“त्यानं गोलखांबाला दार समजून…”

“थट्टा केली असेल. संघातली मुलं तसंच सांगतात. आणखी काही?”

आणखी होतं. एकच होतं. ज्या मुलाच्या तोंडून मैदानावर जन्मात कधी चुकूनसुद्धा दुसरी हाक निघाली नाही, त्यानं मारलेली ती हाक… आणि तिला मिळालेलं उत्तर. ताईनं बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलावरच्या बाटलीकडे पाहत होते. धाकटा ताईकडे पाहत होता, आता बोल ना, अशा जळजळीत नजरेनं.

“आणखी काही नाही,” ताई म्हणाली. “मला कामावरून काढायचं असेल तर काढा. पण मी घाबरले असं माझ्या तोंडून वदवून घेता येणार नाही.”

“ठीक आहे. मग नाइलाज…”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उभे राहिले होते. आईनं शिवलेली कोटाची बाही त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरली होती.

“आणखी आहे,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही बसा, तुमचं म्हणणं आमच्याकडे…”

“ते खोटं आहे.” बाबांनी कोटाची बाही सोडली. “तो भानावर नव्हता. कारण त्यानं मैदानावर मला… बाबा म्हणून हाक मारली. हा पोरगा पायाचं हाड मोडलं तेव्हासुद्धा सर म्हणूनच रडला होता. आणि मी त्याला म्हणालो… मी म्हणालो, सर म्हण.”



“आणि मला कळलं होतं,” बाबा आता धाकट्याकडे पाहून बोलत होते, समिती जणू तिथं नव्हतीच. “त्याच क्षणी कळलं होतं रे! तुझे डोळे मी पाहिले, ते माझ्यावर नव्हतेच. पण थांबवलं असतं तर इतक्या वर्षांचं सारंच चुकलं होतं असं कबूल करावं लागलं असतं… आणि माझे हात वाजतच राहिले. ही मध्ये घुसली नसती तर मी वाजवतच राहिलो असतो. हिनं तुला मरू दिलं नाही. आणि नंतर तुझ्या मनात मला मरू दिलं नाही. उन्हाळ्यापासून तुझ्या शिव्या खाल्ल्या, पण हे एक वाक्य तोंडातून काढलं नाही!” ते कुलसचिवबाईंकडे वळले. “मी सकाळची वेळ मागितली होती, तुम्ही नाही म्हणालात, मी मान डोलावली. माझी मान डोलली ती माझ्या नावाच्या पाटीसाठी. ती पाटी लावू नका.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हाच उष्माघात,” ते शांतपणे म्हणाले. “मुलीनं केलं तेच बरोबर होतं. याहून वेगळं काही माझ्याकडून कागदावर येणार नाही.”

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला आणि कुणाकडेही न पाहता बाहेर निघून गेला.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर चौघं बसली, पण कुणाला घास जाईना. बाबांना चौकशी पुरी होईपर्यंत मैदानावर यायची बंदी झाली होती. ताईचं पुढं कळवणार होते. दुपारच्या सरावाचा फलक तसाच होता. सकाळी मैदान नव्या हिरवळीच्या कामासाठी अडवलं होतं, म्हणून उद्याचा सरावही भर दुपारीच होता.

धाकट्यानं मान वर न करता म्हटलं, “आई, त्यांना सांग, पाणी…”

“नाही!” ताईनं टेबलावर हात मारला. “ते नाही चालणार. मी ते भोगलंय. मला पुरे झालं, आता या घरात तो खेळ बंद! काय बोलायचं ते तोंडावर बोल. ओरड. पण बोल.”

 धाकटा मात्र ओरडला नाही; लहान मुलासारखा हुंदके देत ताईच्या खांद्यावर कोसळला. “ताई… मी तुला काय काय बोललो गं…”

“हो, सगळं लक्षात आहे माझ्या,” ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी तिचेही डोळे वाहू लागले. “म्हातारपणापर्यंत ऐकवणार आहे एकेक.”

बाबांशी मात्र तो एकच वाक्य बोलला. एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हात दुखले नाहीत तुमचे?” बाबांनी आपले तळवे उताणे करून पाहिले.  ते उठले, आणि पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं भरून त्यांनी लेकाच्या ताटाशेजारी ठेवला. धाकट्यानं तो लगेच उचलला नाही. पण बऱ्याच वेळानं, बाबा आत गेल्यावर, प्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघ मैदानावर आला तेव्हा मधोमध, जिथून खेळ सुरू होतो त्या ठिपक्यावर, टब होता. पाहुण्यांच्या मंडपातला तोच. ताईनं तो सामानघरातून एकटीनं ढकलत आणला होता आणि त्याच्या काठावर ती बसली होती.

“ताई, उठा ना, सराव सुरू करायचाय,” नवा साहाय्यक प्रशिक्षक कसनुसा हसला.

“या ऑक्टोबरच्या उन्हात होणार नाही. सकाळी होईल. रोज पाणी, रोज बर्फ, आणि हा टब इथं. तोपर्यंत मी बसलेय.”

“वरून विचारतील हो!”

“विचारू देत. वरच्यांना म्हणावं, खाली या. ऊन बघा जरा.”

धाकटा पुढे आला आणि तिच्या शेजारी गवतावर मांडी घालून बसला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला अजून पळायची परवानगी दिली नव्हती. बसायला परवानगी लागत नाही. गोलरक्षक आला, आणि बसला. मग एकेक करून सारी पोरं बसली, टबाभोवती गोल. तोच घेरा! तीच पोरं, तीच जागा… पण सगळ्यांचे हात गुडघ्यांवर स्थिर होते आणि एकही टाळी वाजत नव्हती.

“आधी गार!” कोणीतरी हळूच म्हणालं.

“मग गाडी!” सारा घेरा गरजला.

फाटकाशी गडबड झाली. सुरक्षा अधिकारी कुणालातरी अडवत होता. “सर, माफ करा, तुम्हाला आत यायची परवानगी नाही. तसा हुकूम आहे.”

“सर आलेच नाहीत,” बाबांचा आवाज मैदानभर ऐकू आला. “सर घरी आहेत. पोरांचा बाप आलाय. त्याला बंदीचा हुकूम आहे का?”

अधिकाऱ्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाला.

बाबांच्या दोन्ही हातांत बर्फाच्या बादल्या होत्या. उन्हात त्या जड पावलांनी येणाऱ्या माणसाकडे सारी पोरं पाहत राहिली. त्यांनी सरांना कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. घेऱ्यापर्यंत येता येता त्यांचा पाय अडखळला, एक बादली सुटली, बर्फ गवतावर पसरला, आणि ते गुडघ्यावर टेकले.

सवयीनं दोन-तीन हात वर आले… आणि हवेतच थांबले. कोणी टाळी वाजवली नाही.

धाकटा उठला. धावायचं नव्हतं, तरी तो धावला. बापाच्या काखेत हात घालून त्यानं त्यांना उभं केलं, सावलीच्या कडेला नेलं, आपली पाण्याची बाटली त्यांच्या ओठांना लावली, आणि भर मैदानावर, साऱ्या संघादेखत, मोठ्यानं म्हणाला,

“सावकाश प्या, बाबा.”

बाबांनी बाटली दोन्ही हातांनी धरली. त्यांनी त्याची हाक दुरुस्त केली नाही. इमारतीच्या पायऱ्यांवरून कुलसचिवबाई कपाळावर हात धरून, उन्हातून डोळे बारीक करत खाली येत होत्या. ताई टबाच्या काठावरून हलली नाही. तिनं फक्त गवतावरचा बर्फ ओंजळीनं गोळा केला आणि टबात टाकला.